लोणारचे खारे सरोवर

[आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार हे गाव आहे. तेथील सरोवर साऱ्या जगात प्रसिद्ध आहे. हे सरोवर कसे तयार झाले, त्याचे पाणी खारे का आहे, त्याचा इतिहास काय आहे आणि त्याची काळजी कशी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, आपण सारे गोड्या पाण्याची वाट पाहणारे लोक आहोत. पावसाने दडी मारली की आपल्या विहिरी आटतात, हातपंपावर घागरींची रांग लागते. म्हणून पाणी गोड असले तर चांगले आणि खारे असले तर वाईट, असे आपल्याला वाटते. परंतु असेही एक ठिकाण आहे, की जेथील पाणी खारे राहिले तरच ते ठिकाण जिवंत राहते. तेथे गोडे पाणी वाढले तर नुकसान होते. हे ठिकाण म्हणजे लोणारचे सरोवर होय.

लोणार या नावातच खारेपणा आहे. संस्कृत भाषेत मिठाला 'लवण' म्हणतात. उर्दूत आपण ज्याला नमक म्हणतो, तेच हे लवण. लवण या शब्दापासून मराठीत 'लोण' हा शब्द आला. आपण जेवताना जे लोणचे खातो, त्याच्या नावातही हाच शब्द लपलेला आहे. मीठ तयार करणाऱ्या लोकांना पूर्वी लोणारी म्हणत असत.

हिंगोलीहून लोणारला जाताना वाटेत सगळीकडे काळी जमीन आणि काळा दगड दिसतो. या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस बाहेर आला. तो पुन्हा पुन्हा वाहिला, थंड झाला आणि त्याचे थरावर थर बसले. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग अशा थरांनी बनलेला आहे. आपल्या कापसाची काळी जमीनही याच दगडाची झीज होऊन तयार झाली आहे. त्यामुळे हिंगोलीचा दगड आणि लोणारचा दगड एकच. मग एवढे मोठे विवर लोणारलाच कसे झाले?

आपण लोणार गावातून सरोवराकडे चालू लागलो, की समोर एक साधी टेकडी आहे असे वाटते. तिच्या माथ्यावर पोहोचले, की एकदम पायांखाली एक प्रचंड वाटोळा खड्डा दिसतो. एखादी भलीमोठी परात जमिनीत बसवावी, तसा त्याचा आकार आहे. या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३५ मीटर आहे. दिल्लीचा कुतुब मिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. म्हणजे दोन कुतुब मिनार एकावर एक ठेवले, तर दुसऱ्याचे टोक काठाच्या थोडेसेच वर येईल! विवराच्या तळाशी हिरवट रंगाचे पाणी आहे. विवराचा काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा सुमारे २० मीटर उंच उचललेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या सरोवराविषयी एक जुनी दंतकथा आहे. लवणासुर नावाचा एक राक्षस येथे जमिनीखाली राहत असे व लोकांना त्रास देत असे. भगवान विष्णूने दैत्यसूदन नावाने अवतार घेतला, जमिनीवरील झाकण दूर केले आणि राक्षसाला मारले. जेथे तो राक्षस राहत होता, तेथे हे सरोवर झाले, अशी लोकांची श्रद्धा आहे. लोणार गावात दैत्यसूदनाचे जुने मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर दगडातील सुंदर कोरीव काम पाहायला मिळते. विवराच्या काठावर एक झरा आहे. त्याला 'धार' म्हणतात. उन्हाळ्यातही या झऱ्याचे गोडे पाणी वाहत असते. खाली सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे. विवरात इतरही अनेक जुनी मंदिरे आहेत. एवढी मंदिरे पाहिली, म्हणजे शेकडो वर्षांपासून लोक येथे येत आहेत, हे लक्षात येते.

लोणारचा उल्लेख फारसी ग्रंथातही आहे. बादशहा अकबराच्या दरबारातील विद्वान अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात मोगल राज्यातील सुभ्यांची माहिती आहे. वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना त्याने मेहकरजवळच्या लोणारचे वर्णन केले आहे. हे हिंदूंचे फार जुने पूजास्थान असल्याचे तो सांगतो. तसेच येथे काच आणि साबण बनवण्यासाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंदही तो करतो. धर्म, निसर्ग आणि व्यापार या तिन्ही बाजूंनी त्याने या ठिकाणाकडे पाहिले, हे विशेष आहे.

काच आणि साबण यांसाठी लागणारा पदार्थ म्हणजे सोडा. सरोवराच्या पाण्यात तो विरघळलेला आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले, की काठावर आणि पाण्याखाली क्षारांचे थर जमत. लोक ते गोळा करीत आणि वाळवून विकत. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांच्या निरनिराळ्या प्रकारांची नावे होती. साबण व काचेच्या बांगड्या तयार करणे, कापड रंगवणे अशा कामांसाठी त्यांचा उपयोग होत असे. आपल्या घरी पापड करताना पिठात पापडखार घालतात. तोही अशाच जातीचा क्षार आहे.

हिंगोली आणि लोणार यांचा इतिहासही एकमेकांत गुंफलेला आहे. सन १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली. तेव्हा हिंगोली आणि लोणार ही दोन्ही गावे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवलेली होती आणि तिचे अधिकारी इंग्रज होते. या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. फौजेच्या खर्चापोटी निजामावर कर्ज झाले आणि सन १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. वऱ्हाडाबरोबर लोणारही गेले. हिंगोली मात्र निजामाच्या राज्यातच राहिली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून दोन्ही भाग महाराष्ट्रात आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे विवर झाले कसे? एकोणिसाव्या शतकातील अनेक भूशास्त्रज्ञांना वाटे, की हे ज्वालामुखीचे तोंड असावे. त्यांचा तर्क अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. सारा प्रदेश लाव्हारसाचा आहे, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असेल, असे वाटणे साहजिक होते. परंतु एक अडचण होती. येथील लाव्हारस साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला होता. विवर मात्र त्या मानाने अगदी ताजे दिसत होते. त्याचे काठ अजून झिजून सपाट झालेले नव्हते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातही असेच एक विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर आहे. आकाशातून पडलेल्या लोखंडी दगडामुळे ते तयार झाले, हे पुढे सिद्ध झाले. आकाशातून पृथ्वीवर पडणाऱ्या अशा दगडाला अशनी म्हणतात. मग लोणारचे विवरही अशनीमुळेच झाले असेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञ विचारू लागले. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवराच्या तळाला छिद्रे पाडून आतील दगडांचे तुकडे बाहेर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सन १९७३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे त्यांतून दिसून आले.

हे त्यांनी कशावरून ठरवले? बेसॉल्टमध्ये एका खनिजाचे लहान लहान स्फटिक असतात. प्रचंड दाब एका क्षणात पडला, तर हे स्फटिक न वितळता काचेसारखे होतात. अशा काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत उष्णता खूप असते, पण एवढा दाब नसतो. आकाशातून दर सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणारा अशनीच असा दाब निर्माण करू शकतो. लोणारच्या दगडांत ही काच सापडली. म्हणजे दगडच साक्षीदार झाला!

आता काठाच्या उंचीची आठवण करा. अशनी आदळला तेव्हा काळ्या दगडाचा चुरा झाला. काही दगड वितळला आणि बराचसा भाग उसळून चारही बाजूंना फेकला गेला. काठावरील थर वर उचलले गेले. काही ठिकाणी तर पुस्तकाचे पान उलटावे तसे ते उलटे झाले. म्हणून काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे. वितळलेल्या दगडाचे काही थेंब हवेत थंड होऊन काचेचे लहान मणी झाले. अशनीचा मोठा तुकडा मात्र तेथे नाही. कारण आघाताच्या उष्णतेत त्याची जवळजवळ वाफच झाली.

ही घटना केव्हा घडली? एका पद्धतीने येथील काच तपासली, तेव्हा वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. सन २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन आकड्यांत मोठा फरक आहे. विज्ञानात असे होते. नवे साधन मिळाले की जुने उत्तर पुन्हा तपासले जाते. त्यात कमीपणा नसतो.

चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्टचे मोठे प्रदेश आहेत आणि त्यांवर अशनींच्या आघाताने झालेली असंख्य विवरे आहेत. पृथ्वीवर बेसॉल्टमधील अशी विवरे फारच थोडी आहेत आणि त्यांत लोणारचे विवर सर्वांत चांगल्या स्थितीत टिकून आहे. म्हणून ज्यांना चंद्राचा अभ्यास करायचा आहे, असे शास्त्रज्ञ लोणारला येतात. आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल, इतक्या जवळ हा चंद्राचा नमुना आहे.

आता पाण्याकडे पाहू. विवरात पावसाचे पाणी येते आणि झऱ्यांचेही पाणी येते. हे पाणी वाटेतील दगडमातीतून थोडे थोडे क्षार विरघळवून आणते. विवराला बाहेर जाणारी वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन वर जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते खालीच राहतात. आपण हातपंपाचे पाणी भांड्यात रोज उकळले, तर काही दिवसांनी भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. लोणारला हेच हजारो वर्षे चालू आहे. शास्त्रज्ञ पाण्याचा आम्लपणा किंवा अल्कलीपणा सामू या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे. म्हणजे हे पाणी नुसते खारट नाही, तर साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत आहे.

अशा पाण्यात नेहमीचे मासे व जलवनस्पती यांचा निभाव लागत नाही. पण म्हणून हे पाणी निर्जीव नाही. ज्यांना असेच पाणी मानवते, असे सूक्ष्म जीव त्यात राहतात. स्पिरुलिना नावाचे शैवाल त्यांपैकी एक आहे. पाण्याचा हिरवा रंग शैवालामुळेच येतो. तळाशी कुजणाऱ्या पदार्थांमुळे काठावर सडक्या अंड्यांसारखा वासही येतो. शैवाल आणि किडे यांवर पक्षी जगतात. हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येथे उतरतात. कधी कधी रोहित पक्षीही दिसतात.

जून २०२० मध्ये एक नवल घडले. सरोवराचे हिरवे पाणी अचानक गुलाबी झाले. देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासण्यात आले. त्या वर्षी पाणी कमी होऊन खारेपणा वाढला होता. अतिखाऱ्या पाण्यात राहणारे काही सूक्ष्म जीव त्यामुळे भराभर वाढले. त्यांच्या शरीरात गुलाबी रंगद्रव्य असते. म्हणून पाणी गुलाबी दिसले. पावसाचे नवे पाणी आल्यावर हा रंग ओसरला. डोळ्यांना न दिसणारे जीव एवढ्या मोठ्या सरोवराचा रंग बदलू शकतात, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

पाण्याप्रमाणेच विवराचा उतारही पाहण्यासारखा आहे. त्यावर सागासारखी पानझडीची झाडे आहेत. उन्हाळ्यात उतार उघडाबोडका दिसतो आणि पावसाळ्यात हिरवागार होतो. मोर, वानर, मुंगूस, घोरपड असे प्राणी तेथे राहतात. सन २००० मध्ये शासनाने सुमारे ३८३ हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केले. सन २०२० मध्ये लोणारचा समावेश रामसर यादीत झाला. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे. इराणमधील रामसर या शहरात १९७१ मध्ये याविषयीचा करार झाला, म्हणून तिला हे नाव पडले. महाराष्ट्रात हा मान आधी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला आणि नंतर लोणारला मिळाला.

एवढे मान मिळाले, म्हणजे सरोवर सुरक्षित झाले का? तसे नाही. गावाचे सांडपाणी, कपडे धुण्याचा साबण, शेतांतून वाहून येणारी खते व औषधे, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा सरोवराला धोका आहे. बाहेरून आलेली वेडी बाभूळ काठावर पसरली आणि तिने मूळच्या झाडांची जागा घेतली. वनखात्याला ती काढावी लागली. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

सर्वांत मोठी काळजी मात्र गोड्या पाण्याची आहे. शंभर वर्षांपूर्वी या सरोवरातून क्षार काढून विकले जात होते, इतके ते खारे होते. पुढे हा खारेपणा कमी होत गेला. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरील जुन्या मंदिरांपर्यंत पाणी पोहोचले. सरोवर भरलेले पाहून आपल्याला आनंद होईल. पण विचार करा. गोडे पाणी वाढले की क्षार पातळ होतात. क्षार पातळ झाले की बाहेरचे जीव आत येऊ शकतात आणि फक्त खाऱ्या पाण्यात जगणारे जीव संपू लागतात. ते एकदा संपले, तर त्यांना परत आणता येणार नाही. गोडे तळे आपल्याला दुसरीकडे बांधता येईल. आपल्या भागात येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर अशी मोठी धरणे माणसांनी बांधलीच आहेत. लोणार मात्र कोणालाही बांधता येणार नाही.

म्हणून लोणारला सहलीला गेलात, तर काही गोष्टी पाळा. ठरलेल्या वाटेनेच चाला. आठवण म्हणून दगड किंवा काचेचा मणी उचलू नका. तो दगड म्हणजे शास्त्रज्ञांसाठी पुराव्याचा कागद आहे. पाण्यात साबण लावू नका, खाण्याच्या पिशव्या टाकू नका आणि पक्ष्यांना हाकलू नका. मंदिरांच्या भिंतींवर नावे लिहू नका. दुसऱ्याच्या इबादतगाहीचा अदब राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची, म्हणजे तिला आपल्या सोयीप्रमाणे बदलायचे असे नाही. ती जशी आहे तशी राहू देणे हीसुद्धा काळजीच असते. लोणारचे पाणी आपण पिऊ शकत नाही, त्याने शेत भिजवू शकत नाही. तरीही ते खारेच राहावे, यासाठी आपण जपले पाहिजे.

शब्दार्थ

दडी मारणे – लपून बसणे, ग़ायब होना
सरोवर – झील
विवर – मोठा खोल खड्डा, गढ़ा
व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणारी रेषा, क़ुत्र
दंतकथा – रिवायत
क्षार – नमकियात
आघात – जोराचा धक्का, टक्कर
साक्षीदार – गवाह
निभाव लागणे – टिकून राहणे, गुज़ारा होना
पाणथळ जागा – नेहमी ओली राहणारी किंवा पाणी साचलेली जमीन
संवर्धन – हिफ़ाज़त आणि जोपासना

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'लोणार' हे नाव कोणत्या शब्दावरून आले आहे?
(आ) अबुल फजलच्या ग्रंथाचे नाव काय?
(इ) जून २०२० मध्ये सरोवराचा रंग कसा झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही, हे शास्त्रज्ञांनी कसे ठरवले?
(आ) सरोवराचे पाणी खारे का झाले?
(इ) गोडे पाणी वाढल्यास सरोवराचे नुकसान कसे होईल?

३. वाक्यात उपयोग करा.
दडी मारणे, निभाव लागणे, साक्षीदार होणे

४. विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे. काठावरून एक फेरी मारण्यास सुमारे किती किलोमीटर चालावे लागेल, ते काढा.

५. आपल्या गावाजवळील तळे, नदी किंवा धरण यांविषयी दहा ओळी मराठीत लिहा. तेथे पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे त्यात सांगा.